सांगाड्यांचा निकाल

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी अख्ख्या जगाला नापास केलेलं होतं. हे मी उगाच हवेत बोलत नाही. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी मेडिकल कॉलेजात, चौतीस वर्षं त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवली, म्हणजे सोप्या भाषेत हाडं. त्या चौतीस वर्षांत त्यांनी जितके डॉक्टर नापास केले तितके डॉक्टर काही तालुक्यांना बघायलाही मिळत नाहीत. रिटायर झाल्यावर माणसं भजनी मंडळ धरतात, बागेत खुरपं चालवतात, काही नाही तर निदान पेपरात वाचकांची पत्रं लिहितात. काकांनी यातलं काही केलं नाही. कॉलेजनं विद्यार्थी काढून घेतले, तर त्यांनी उरलेल्या मानवजातीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. काकू गेल्यावर मुग्धानं, म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, त्यांना मिशिगनमध्ये ट्रॉयला आपल्या घरी आणलं. विमानतळावर खिडकीत बसलेल्या गोऱ्या साहेबाला त्यांनी म्हणे सांगितलं, की तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे, खुर्ची बदला. साहेबानं मुकाट्यानं शिक्का मारला. मुग्धा मात्र घामाघूम झाली होती.

मी त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहायचे, त्यामुळे काकांचा त्रास मला बाराही महिने घरपोच मिळायचा. मी दारातून आत शिरले की 'ये' नाही, 'बस' नाही, आधी चालीची तपासणी. "डाव्या पायावर भार कमी टाकतेयस. कधीपासून?" मी म्हणायचे, "काका, बूट नवीन आहेत." त्यावर ते असं बघायचे, की जणू मी प्रश्नच वाचला नाही आणि उत्तर लिहून मोकळी झाले. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात तर त्यांच्या शेजारी बसायला माणसं घाबरायची. कुणाच्या ताटातलं कोंबडीचं हाड उचलायचे, डोळे मिटून बोटांनी चाचपायचे आणि त्याच माणसाला विचारायचे, "बाजू कुठली? उजवी की डावी?" आता बिचारा मिशिगनला गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायला आलेला माणूस, त्याला काय माहीत त्या कोंबडीची बाजू? तो आपला दात विचकून हसायचा. काका हाड परत त्याच्या ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "जेवा. निदान ते तरी येतंय."

एकदा अशाच एका जेवणाला आमच्या गावातले मोठे हृदयरोगतज्ज्ञ आले होते. मोठे म्हणजे सगळ्याच बाजूंनी मोठे. गाडी मोठी, घर मोठं, आवाज मोठा. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेवर त्यांचं प्रवचन चाललं होतं आणि आम्ही वीसेक माणसं माना डोलवत होतो. तेवढ्यात काका पाण्याचा ग्लास घेऊन दारात आले. प्रवचन तिथंच थांबलं. डॉक्टरसाहेब ताडकन उभे राहिले, हातात ताट तसंच. "सर," एवढंच म्हणाले. काका त्यांच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तीन अटेम्प्ट. मनगटाची आठ हाडं ओळीनं कधीच आली नाहीत." आणि आत निघून गेले. बस म्हणायचं राहून गेलं. त्या माणसानं, देवाशप्पथ सांगते, पूर्ण जेवण उभ्यानं केलं, श्रीखंडासकट. मला त्या दिवशी काकांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण मुग्धाच्या घरात या हाडांना बंदी होती, आणि तिचं कारण एक कागद होता. काकांच्या बॅगेत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांच्या कॉलेजचा देहदानाचा फॉर्म होता. आपण मेल्यावर आपलं शरीर आपल्याच कॉलेजात, आपल्याच हॉलमध्ये, पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर जावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. फॉर्म त्यांनी कधीच भरला होता आणि वारस म्हणून काकूंची सहीही होती. पण काकू आधी गेल्या. आता नवीन वारसाची सही हवी, त्याशिवाय कॉलेज शरीर घेणार नाही. वारस एकच, मुग्धा. आणि मुग्धा दोन वर्षं सही करत नव्हती. दर रविवारी सकाळी काका फॉर्म आणि पेन तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचे, आणि दर रविवारी ती तो न बोलता उचलून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकायची. मी एकदा तिला म्हटलं, अगं, कर ना, त्यांची इच्छा आहे. तर माझ्यावरच उसळली. "आई गेली तेव्हा मी विमानात होते. पोचले तेव्हा सगळं आटपलेलं. आता बाबांचंही काही उरू द्यायचं नाही? मी डोकं कुठे टेकवायचं, सांग. फॉर्मेलिनच्या टाकीवर?"

तर अशा या घराबाहेर दरवर्षी ऑक्टोबरात हाडांचा पूर यायचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत एकतीस ऑक्टोबरला हॅलोविन असतो. त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात, आणि त्याआधी महिनाभर सुशिक्षित, कर्ज काढून घरं घेतलेली, हिरवळ फूटपट्टीनं मोजून कापणारी माणसं आपल्याच अंगणात थडगी लावतात. झाडाला प्रेतं टांगतात. पंख्यानं फुगणारी दहा फुटी भुतं उभी करतात, जी सकाळी हवा गेल्यावर अंगणात ओल्या चादरींसारखी पडलेली असतात आणि त्यांच्यावरून कुत्री जातात. या सगळ्याला सुंदर म्हणायचं असतं. आमच्या मंडळातही त्यावर दरवर्षी चर्चा. एक बाई म्हणायच्या, हे अशुभ आहे, आपल्या मुलांना पाठवू नका. दुसऱ्या म्हणायच्या, पाठवा, पण मावळे करून पाठवा, संस्कृती टिकेल. म्हणून आठ-दहा मावळे फेटे बांधून थंडीत कुडकुडत निघायचे आणि प्रत्येक दारातली गोरी बाई म्हणायची, अय्या, किती गोड समुद्री चाचा! संस्कृती टिकायची ती अशी.

काकांना या भीतिदायक सजावटीचं भय नव्हतं, किळस नव्हती, शुभाशुभाचं तर काहीच नव्हतं. त्यांना राग होता तो चुकांचा. दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, दिवाळी नुकतीच आटोपली होती, ते रोज सकाळी कानटोपी घालून फिरायला जायचे आणि परत आले की त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं असायचं. घरात विषय काढायची सोय नाही, म्हणून माझ्याकडे यायचे. "त्या कोपऱ्यावरच्या घरात सांगाडा आहे, त्याला बरगड्या किती? नऊ जोड्या! बाकीच्या तीन काय मांजरानं नेल्या? त्याच्या पलीकडे नाकाचं हाड शेंड्यापर्यंत. शेंड्याला हाड असतं का? दाबून बघ. दाब! आणि लिंडाच्या दारात जो आहे ना, त्याचे दोन्ही हात डावे आहेत." ही लिंडा म्हणजे आमच्या वसाहतीच्या असोसिएशनची अध्यक्ष. कुणाच्या दाराचा रंग एक छटा गडद झाला तरी पत्र पाठवणारी बाई. मी म्हटलं, "काका, चीनमधून वीस-वीस डॉलरला येतात हो ते. सोडून द्या." "वीस डॉलरला उजवा हात येत नाही?" काका म्हणाले आणि चिवड्याला हात न लावता गेले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मला वाटलं म्हातारा थंडीनं चिडलाय.

पुढच्या गुरुवारी आमच्या रस्त्यावरच्या एकवीस घरांच्या टपालपेट्यांत एकेक बंद लिफाफा पडला. आत सुबक अक्षरात, शाईच्या पेनानं, निकालपत्रक. घर क्रमांक. सांगाडा क्रमांक. कवटी, कणा, बरगड्या, हात, पाय, प्रत्येकी दहा गुण, एकूण पन्नास. पुढे शेरे. 'मानेचे मणके पाच दाखवले आहेत, अपेक्षित सात. जिराफालाही सातच असतात.' 'वधूचा पोशाख, कटीभाग पुरुषाचा. उमेदवारानं पाठ्यपुस्तक उघडलेलं नाही.' लिंडाला पन्नासपैकी अकरा. सगळ्यांत वर घर क्रमांक चाळीसचा डेव्ह, त्याला तेवीस. मेडिकलला पास व्हायला निम्मे लागतात, म्हणजे तोही नापास. खाली सही, आणि सहीखाली चक्क रबरी शिक्का: विभागप्रमुख. तो शिक्का त्यांनी विमानातून आणला होता, कशासाठी ते देव जाणे. शेवटची ओळ सगळ्यांना सारखीच: अनुत्तीर्ण, पुढील ऑक्टोबरात पुन्हा बसावे. यात एकालाही त्यांनी दुखावलं असं काकांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या हिशेबी त्यांनी वसाहतीसाठी आठवडाभर फुकट पेपर तपासले होते.

आता खरी गंमत. त्या काळात अमेरिकेत कुणाला कशानं वाईट वाटेल याची सभ्य लोकांना फार धास्ती असायची, आणि शेजारी सावळा असेल तर दुप्पट. निकालपत्रक वाचून कुणी हसलं असतं तर विषय तिथंच संपला असता. कुणी दार वाजवून विचारलं असतं, की बाबा रे, तुझं म्हणणं काय, तरी संपला असता. पण विचारायचं कसं, विचारलं तर त्यानंच वाईट वाटलं तर? म्हणून लिंडानं न विचारताच निदान केलं. एक वयस्कर हिंदू डॉक्टर सांगाड्यांबद्दल सात-सात ओळी लिहितो, म्हणजे नक्कीच त्याच्या धर्माच्या मृत्यूविषयक भावना दुखावल्या आहेत. बरगड्या वगैरे म्हणजे सभ्यपणानं सांगायची त्याची पद्धत. शुक्रवारी सगळ्यांना ईमेल आलं: आपल्या काही शेजाऱ्यांच्या सांस्कृतिक भावनांचा आदर राखून सर्व सांगाडे, थडगी आणि टांगलेली प्रेतं रविवारपर्यंत काढावीत. फक्त भोपळे ठेवावेत, हसरे.

माझ्या शेजारची बाई कुकीजची ताटली घेऊन माझ्या दारात उभी. डोळ्यांत पाणी. म्हणाली, आम्हाला खरंच कल्पना नव्हती की हे तुम्हा लोकांना इतकं लागतं. मी म्हटलं, मलाही नव्हती. कुकीज चांगल्या होत्या म्हणून मी जास्त बोलले नाही. इकडे आमच्या मंडळाच्या ईमेल ग्रुपवर तर विजयोत्सव. 'अखेर आपला आवाज ऐकला गेला!' त्याखाली छत्तीस अभिनंदनं, आणि एकानंही चौकशी केली नाही की आवाज कुणाचा आणि तो म्हणत काय होता. कुणीतरी काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं सुचवलं. सुचवणाऱ्याचं नाव पाहिलं, तर हृदयरोगतज्ज्ञ.

शनिवारी मुग्धाची आठ वर्षांची मुलगी, इरा, बाहेरून रडत घरी आली. खेळायला गेली होती, तर पोरांनी तिला घेरलं होतं. "आजोबा, यू कॅन्सल्ड हॅलोविन! एव्हरीवन हेट्स मी!" मी नेमकी तिथंच होते, पोळ्यांची कणीक मागायला गेले होते. काका पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "कॅन्सल? कुणी केलं कॅन्सल?" मुग्धानं ईमेल छापून त्यांच्यासमोर आपटलं आणि तिचा बांध फुटला. "बाबा, हाडं, हाडं, हाडं! तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही का? जिवंत माणसं आहेत हो या घरात! मी आहे, ही पोरगी आहे! तो डेव्ह, अकरा महिने गॅरेजमध्ये बसून ते सगळं स्वतःच्या हातानं बनवतो, त्याला आज सगळं काढायला लावताहेत, तुमच्यामुळे! आणि त्या कागदावर मी सही करू? मेल्यावरसुद्धा परीक्षाच घ्यायचीय तुम्हाला!" शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. काका ईमेल वाचत होते. दोनदा वाचलं. मग फार हळू म्हणाले, "काढा असं मी कुठे लिहिलंय? दुरुस्त करा लिहिलंय."

सभा बोलवायला आपल्याकडे महिना लागला असता. लिंडानं रविवारी दुपारीच आपल्या दिवाणखान्यात बोलावली, दुखावलेल्या समाजाची बाजू ऐकायला. काका इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून गेले. बरोबर मुग्धा आणि मी. पंधरा-सोळा माणसं चेहऱ्यावर दिलगिरी लावून बसली होती. एका कोपऱ्यात डेव्ह, गाड्यांच्या पत्र्याचे साचे बनवणारा कारागीर, दाढीवाला, आडदांड, मांडीवर हाताचे पंजे ठेवून जमिनीकडे बघत बसलेला. लिंडानं घसा साफ केला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश विचारलं, की अंगणात मृत माणसाचा सांगाडा ठेवणं तुमच्या संस्कृतीत अपमानकारक मानतात का.

काकांचं इंग्रजी जुन्या वळणाचं, वर्गात बोलायचं. ते उभे राहिले. "मॅडम, मला राग आलेला नाही. ज्याचा राग येतो त्याचा पेपर मी तपासतच नाही, कोरा परत देतो. तुमचे मी पूर्ण तपासलेत." मला वाटलं आता बरगड्या सुरू होणार. पण ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी ज्या माणसांवर शिकवलं त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टँडवर मेलेली, दवाखान्याच्या पायरीवर मेलेली. नाव नाही, गाव नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना त्यांच्यासमोर उभं करायचो आणि सांगायचो, हे तुमचे पहिले सर. मी दुसरा. मुलं घाबरायची. घाबरली तर काय बिघडलं? मीही घाबरलो होतो. भीती वाटणं हा त्यांचा अपमान नाही. पण माणसाला दोन डावे हात लावून महिनाभर दारात उभं करायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एकाच्याही ते लक्षात येऊ नये, म्हणजे मग त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही ना. तो अपमान. झाकून ठेवलंत तर पाहणार कसे? काढू नका. नीट करा."

लिंडाच्या हातात पेन तसंच. मग ती म्हणाली, "म्हणजे... इतिवृत्तात काय लिहू? दुखावलात की नाही?" त्या बाईला फॉर्ममधला चौकोन भरायचा होता. काका म्हणाले, "लिहा, फेरपरीक्षा मंगळवारी." इतका वेळ खाली मान घालून बसलेला डेव्ह तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. तो ना संस्कृतीबद्दल बोलला ना भावनांबद्दल. त्यानं खिशातून घडी घातलेलं निकालपत्रक काढलं आणि विचारलं, "माझे सत्तावीस मार्क गेले कुठे?" तीस वर्षं केसाएवढ्या फरकानं साचे नाकारणारा-स्वीकारणारा माणूस तो. त्याला दुखावलं होतं ते फक्त नापास होणं. मुग्धाकडे मी पाहिलं. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परत येताना रस्त्यात एवढंच म्हणाली, "हे पहिले सर वगैरे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत." काका म्हणाले, "तू इंजिनीअरिंगला गेलीस."

दोन दिवस काका डेव्हच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला होते. तो ड्रिल चालवायचा, हे तार ओवायचे. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. मुग्धानं दिलेला डबा काका दुपारी डेव्हबरोबर खायचे आणि त्याला कारल्याची भाजी आवडते असं त्यांनी जाहीर केलं, त्यावर आमचा कुणाचा विश्वास बसला नाही. मणके सात झाले, बरगड्यांच्या बारा जोड्या झाल्या. कण्याला बाक आला आणि तो प्लास्टिकचा सांगाडा एकदम कुणीतरी वाटायला लागला, म्हणजे संध्याकाळी कामावरून दमून आलेला एखादा माणूस. मला, या सगळ्या थिल्लरपणाला नाकं मुरडणाऱ्या बाईला, त्याच्याकडे बघून 'बसा' म्हणावंसं वाटलं.

मंगळवारी सहा वाजता डेव्हच्या अंगणात सांगाड्यांच्या मधोमध एक खुर्ची, खुर्चीत काका, अंगात पांढरा ॲप्रन आणि डोक्यावर कानटोपी. मांडीवर बासमती तांदळाची रिकामी पिशवी, आत सुटी हाडं. मुलांनी हात घालायचा, न बघता हाड चाचपायचं, नाव सांगायचं, बाजू सांगायची. मग चॉकलेट. तोंडी परीक्षा! मी कपाळाला हात लावला. फुकट चॉकलेटं वाटणाऱ्या वीस दारांना सोडून या खडूस म्हाताऱ्याकडे कोण येणार? अर्ध्या तासात रांग तिसऱ्या घरापर्यंत गेली. पऱ्या, चेटकिणी, वाघ, दोन मावळे. काका कुणालाही दयामाया दाखवत नव्हते. "नो. अगेन. लाइनच्या मागे जा." आणि पोरं मागे जात होती, सांगाड्यांसमोर उभी राहून स्वतःच्या दंडाची हाडं चाचपत होती, एकमेकांना विचारत होती, आणि परत येत होती. एरवी एका दारात दहा सेकंद न थांबणारी पोरं! लिंडाही आली. नापास झाली. इरानं गळ्याजवळचं हाड ओळखलं, बाजूही बरोबर सांगितली, तर काका म्हणाले, घरच्या उमेदवाराला जास्त मिळणार नाही, आणि तिलाही एकच चॉकलेट दिलं. पण इराची मान त्या दिवशी जी ताठ झाली ती शनिवारची भरपाई होती.

मुलं पांगली तेव्हा रांगेत शेवटी मुग्धा उभी होती. कोटाच्या खिशात हात घालून. काकांनी वर पाहिलं आणि पिशवी पुढे केली. तिनं हात आत घातला. तिच्या लहानपणी त्यांच्या घरात पलंगाखाली हाडांची पेटी असायची आणि इतर पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा ही त्या पेटीशी खेळायची, हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मांडीचं. डावं." काका म्हणाले, "खात्री?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंय." काका म्हणाले, "बरोबर." अडीच वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या एकदाच ऐकला. मला रडू आलं. मला रडू आलेलं मुळीच आवडत नाही, म्हणून मी घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाचा फोन आला, साक्षीदार म्हणून सही करायला ये. ओट्याजवळ फॉर्म होता. तिची सही झालेली होती. मी माझी केली. काकांनी दोन्ही सह्या चष्मा लावून तपासल्या, मला म्हणाले, "पत्त्यात पिनकोड राहिलाय," आणि फोल्डर छातीशी धरून खोलीत गेले. मार्चमध्ये ते परत निघाले. मुग्धा म्हणाली, सही दिली म्हणजे जा म्हटलं नाही मी. पण काका ऐकतात कुणाचं. "कागद तिकडच्या कॉलेजचा आहे. इथे मेलो तर वाया जाईन." पुढच्या पावसाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुग्धा पुन्हा विमानातच होती. पोचली तेव्हा कॉलेजनं त्यांना नेलेलं होतं, आणि तिच्या हातात शिक्का मारलेली पावती मिळाली. डोकं टेकवायला काही नव्हतं. ती इकडे परत आली आणि वर्षभर त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही.

दोन हजार आठ साली ती तिकडचं घर आवरायला गेली. एके दिवशी माझ्या सकाळच्या चहाच्या वेळेला तिचा फोन आला. कॉलेजात गेली होती म्हणाली. आता विभागप्रमुख असलेले गृहस्थ काकांचेच विद्यार्थी. त्यांनी तिला कुठलं टेबल ते सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आत येता का म्हणाले, तर ती नको म्हणाली, बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली. पहिल्या वर्षाची पोरं नव्या कोऱ्या ॲप्रनमध्ये आत गेली. दोन मिनिटं आत काही आवाज नव्हता, सगळी उभी होती बहुतेक. मग शिकवणं सुरू झालं. हे सगळं ती अगदी शांतपणे सांगत होती आणि मी नुसतं हं हं करत होते. मग तिचा आवाज बदलला.

"अगं, बाहेर सगळं ऐकू येत होतं. त्या सरांनी एका मुलीला हाडाची बाजू विचारली. तिनं चुकीची सांगितली. दुसऱ्यानंही चुकीची सांगितली. आणि बाबा काहीच बोलले नाहीत गं."